तीनदा परत आलेला नारळ

देवाला दिलेलं देवानं परत केलं, तर काय समजायचं?

सांगा मंडळी! उद्या पौर्णिमा. आपण सगळे बंदरावर जाणार, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडणार. आणि समजा – तो परत आला. तुमच्याच पायाशी येऊन टेकला. काय म्हणाल? दर्या कोपला! पुढच्या ओळीतल्या आजी मान हलवतायत, बघा. कोपला म्हणतात. बरं, कोपला तर करायचं काय? आणखी आत जाऊन सोडायचा. बरोबर? आपली रीतच आहे ती. काठावरचा नारळ लाट फेकून देते, म्हणून तांडेल होडी घेऊन फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडं जातो आणि तिथं अलगद ठेवतो. तिथं समुद्र घेतो. आज्या-पणज्यांपासूनची रीत! तिला चूक म्हणायची माझी काय टाप?

पण हीच रीत पाळताना दोन माणसं मरणाच्या दाराशी कशी गेली, ते आज सांगते. गोष्ट ऐकल्यावर माझे हातपाय गार पडले होते. तुमचेही पडतील. शाली सांभाळा.

आपल्यासारख्याच एका बंदरावरची मुलगी. हेमांगी चोगले. बाप मासेमार, आई मासळी विकणारी. पोरगी समुद्राचा अभ्यास शिकली आणि पार पृथ्वीच्या माथ्याजवळ, बर्फाच्या मुलखात कामाला गेली. घरी कोण? आईपाशी ठेवलेली दीड वर्षाची लेक, ओवी. आता तुम्ही म्हणाल, एवढं लेकरू टाकून कशी गेली ही बया? म्हणा! सगळं गाव म्हणत होतं. मुलीच्या बापानं बोटीवर महिने काढले तर त्याला खलाशी म्हणतात. आईनं काढले की तिला काय म्हणतात, ते देवळात नको.

जाताना आईनं हेमांगीच्या बॅगेत नारळ घातला. हळदकुंकू लावून, सोनेरी कागदात. म्हणाली, पौर्णिमा तिकडंच येईल तुझी. दर्या तिथला काय नि इथला काय, एकच. त्याला नारळ दे, म्हणजे तो तुला ओवीकडं परत देईल.

बस्स. एवढाच सौदा. नारळ घे, लेक परत दे.

तर ती जहाजावर. तिथं तिला भेटला नाथामामा. नात्याचा मामा नव्हे हो! नाथा दोरकुळकर, तांडेल, शेजारच्या तालुक्यातला, जहाजाची होडी चालवायचा. पण घरापासून इतकं लांब गेलं, की शेजारचा तालुका म्हणजे आईचा सख्खा भाऊच. इकडं असता तर जेटीवरच्या जागेवरून दोघं भांडली असती.

आता त्या मुलखाचं चित्र डोळ्यांपुढं आणा. डोंगरावरून बर्फाची नदी उतरते. नदी – पण गोठलेली. मुंगीच्या पावलानं सरकत सरकत ती थेट समुद्रात पाय घालून उभी राहते. निळी-पांढरी भिंत! आपल्या देवळाचे कळस एकावर एक रचा, तरी ती वर उरेल. आणि जेवढी वर दिसते, त्याहून किती तरी पाण्याखाली.

ही भिंत कशानं वितळते? उन्हानं, म्हणाल. तुम्ही बंदरातली माणसं, तुम्हीच सांगा. बर्फाची एक लादी जेटीवर सावलीत ठेवली आणि दुसरी पाण्यात पडली. आधी कुठली गेली? पाण्यातली! तुम्ही शिव्या घालेपर्यंत गेली! हवा बर्फाला चाटते हो, पाणी त्याला खातं.

हेमांगीचं काम तेच. दोरीला यंत्र बांधून खाली सोडायचं, खालचं पाणी किती ऊबदार ते पाहायचं. वरचं पाणी हाडं गोठवणारं, आणि तळाशी – चार अंश. चार अंश म्हणजे काय? आपल्या माठातलं पाणी त्यापुढं उकळतं म्हणावं. पण बर्फाला तो चुलीतला निखारा! दूरच्या महासागराच्या पोटातून ते खारं पाणी तळातळानं येतं आणि भिंतीच्या पायाशी पोचतं. वरून बघणाऱ्याला काय दिसतं? काही नाही. शांत. थंड. भक्कम.

(वामनकाका, पेटी धरा.)

वरी शांत थंड, तळीं ऊब वाहे ।
उभें दिसे त्याचें, पाऊल न राहे ॥

हां. तर पौर्णिमा आली. चंद्र कुठाय म्हणाल, तर नाही! तिकडं त्या दिवसांत सूर्यच मावळत नाही. पौर्णिमा आहे हे आईनं फोनवर सांगितलं, पंचांग बघून. पलीकडून ओवी फोन चाटत होती. ऐकू येत होतं.

रबरी होडी घेऊन दोघं भिंतीकडं निघाली. कप्तानाची सक्त ताकीद होती, ठरल्या अंतराच्या आत जायचं नाही. त्या अंतरावर मामानं इंजिन बंद केलं. काम झालं. आभाळ ढगाळ, वारा पडलेला, भिंत गप्प. हेमांगीनं हात जोडले आणि नारळ पाण्यात सोडला.

नारळ हलला. गोल फिरला. आणि परत आला. होडीला टक्कर देऊन पुढं निघाला – भिंतीकडं नव्हे, उघड्या समुद्राकडं.

मामानं वाकून तो उचलला. कपाळाला लावला. दुसऱ्यांदा त्यानं स्वतः सोडला, लांब, हात ताणून. परत आला.

आता वारा नाही, लाट नाही, तर नारळाला ढकललं कुणी? थांबा, सांगते.

मामाचा चेहरा उतरला. म्हणाला, "घेतलान नाय गो दर्यान."

हेमांगी शिकलेली. तिनं हसण्यावारी न्यायला हवं होतं ना? पण तिच्या डोळ्यांपुढं ओवी. नारळ घेतला नाही म्हणजे सौदा मोडला! शिक्षण डोक्यात असतं मंडळी, आणि लेकरू पोटात. लेकराची गोष्ट आली की डोक्याला विचारतो कोण? मी तरी विचारत नाही. तापात मी थर्मामीटरही लावते आणि दृष्टही काढते.

मामा म्हणाला, आपल्याकडं परत आला की पुढं जाऊन ठेवतात, दर्याच्या पायाशी. आणि तिनं मान डोलावली. इंजिन सुरू झालं. होडी त्या अंतराच्या आत गेली.

भिंत जवळ आली तसं पाणी बदललं. निळं होतं ते गढूळ झालं, चिखलाचं. आणि ते खालून वर येत होतं, आधण येण्याआधी पातेल्यात उसळी फुटते ना, तसं. गार पाण्याला उसळी! पांढरे पक्षी, आपल्या कुरवांसारखे, तिथंच घिरट्या घालून मासे टिपत होते. मामा खूश. जिथं पक्षी, तिथं मासा, तिथं दर्या राजी. आपण काय वेगळं म्हटलं असतं?

हेमांगी वाकली. नारळ दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला. सोडला.

आणि तो पळाला! तरंगत नाही गेला, मंडळी – पळाला, बाहेरच्या बाजूला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. वरचं पाणी बाहेर धावतंय. मग त्याची जागा भरायला आत कोण येतंय? कुठून येतंय?

तुम्हाला ठाऊक आहे हो हे! पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वर गोडं पाणी, खाली खारं. गोडं हलकं, ते वरच राहतं. तिथं बर्फावरचं वितळलेलं पाणी भेगांतून आत उतरतं, बर्फाखालून वाहतं आणि भिंतीच्या तळाशी समुद्रात बाहेर पडतं. गोडं, हलकं. ते भिंतीला घासत वर चढतं, वर येऊन बाहेर पसरतं. चुलीचा धूर वर गेला की खालून हवा आत ओढली जाते ना? तसंच ते वर चढताना तळाचं ऊबदार खारं पाणी भिंतीवर ओढून आणतं. ते बर्फ खातं, आणखी गोडं पाणी सुटतं, ते आणखी ऊब ओढतं. थांबवणार कोण? पाय कुरतडला जातो आणि डोकं तसंच ताठ!

हे सगळं तिनं यंत्रावर पाहिलं होतं. पण यंत्र वेगळं आणि नारळ वेगळा, असंच धरून चालली होती. त्या क्षणी दोन्ही एक झालं.

ती अगदी हळू बोलली. "मामा, भिंत खालून पोकळ आहे. वळवा."

मामानं का म्हणून विचारलं नाही. वळवली.

आधी आवाज आला नाही. पक्षी उठले. सगळेच्या सगळे, एकाच वेळी, एक हाक न मारता. आणि मग ती भिंत पुढं कलंडली नाही – खचली! गुडघ्यातून माणूस बसावा तशी उभीच्या उभी खाली गेली. पायच नव्हता हो तिला! किती काळ नव्हता, कुणास ठाऊक. त्या पाय नसलेल्या भिंतीखाली ही दोघं नारळ ठेवत होती!

मग लाट. मामानं पळणारी होडी गर्रकन फिरवली आणि तोंड लाटेकडं केलं. लाटेला पाठ द्यायची नाही, हीसुद्धा आपलीच रीत – आणि ह्या रीतीनं वाचवलं. होडी उभी राहिली, आपटली, पुन्हा उभी राहिली. बर्फाचे तुकडे आजूबाजूला धडाधडा. थांबलं तेव्हा दोघं एकमेकांना घट्ट धरून बसलेली, आणि नारळ कुठंच नाही.

जहाजावर कप्तान काय काय बोलला, ते देवळात नको. हेमांगीनं कोरडे कपडे घातले आणि घरी फोन लावला.

आईनं पहिलं काय विचारलं? "घेतलान काय गो दर्यान?"

हेमांगी म्हणाली, "नाही आई. तीनदा परत दिला. लांब राहा म्हणत होता. मला तिसऱ्यांदा कळलं."

आणि तळाच्या ऊबदार पाण्यानं भिंतीचा पाय कसा खाल्ला, ते सगळं सांगितलं. आणि मग त्या मासळीवालीनं विचारलं, "मंग त्येचा पानी तापवलान कोनी?"

मंडळी, ह्या प्रश्नाशी मी इतके दिवस अडकले आहे. आपल्या गाड्या, गिरण्या, आपला धूर. त्यानं जेवढी ऊब कोंडली, तिचा मोठा वाटा समुद्रानं मुकाट पोटात घेतला. आपण हवा बघत बसलो. आपल्याला वाटलं, घेतला! सगळं घेतो तो! नारळ घेतो, राख घेतो, गटार घेतो. आणि ती ऊब तळातळानं चालत गेली आणि एका भिंतीचे पाय खाऊन आली. ती भिंत पडली, तिचं पाणी झालं. ते पाणी कुठं जाणार? दर्या तिथला काय नि इथला काय!

म्हणून पहिल्या प्रश्नाकडं या. देवाला दिलेलं परत आलं, तर काय समजायचं? कोपला म्हणू नका. आणि आणखी आत तर मुळीच जाऊ नका. थांबा. पाणी कुठून कुठं चाललंय, ते बघा. तो नाकारत नसेल, सांगत असेल.

उद्या बंदरावर याल तेव्हा घाटाच्या पायऱ्या बघा. तुमच्या आईनं तुम्हाला जिथं उभं करून नारळ सोडायला लावला, ती पायरी शोधा. भरतीच्या वेळी शोधा, तेव्हाही भरतीच असायची. काल मी लेकीला घेऊन शोधायला गेले होते. तिनं विचारलं, आई, कुठली? मी बोट दाखवलं, तिथं पाणी होतं.

आता टाळ उचला. पण उद्या नारळ सोडताना लेकरांचा हात सोडू नका.