फडकं स्वच्छ होतं

...आणि वर मलाच विचारतात, 'बाई, फडकं नीट धुतलंत ना?' अहो, बावीस वर्षं! बावीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेची फरशी पुसतेय, बाटल्या धुतेय, एक बाटली फुटली नाही माझ्या हातून... म्हणजे एक फुटली, पण ती आधीच तडकलेली होती, ते जाऊ द्या. फडकं स्वच्छ होतं, तुम्हाला सांगते!

तिथे काय चालतं माहितीये? पाण्यातला किरणोत्सर्ग मोजतात. दिसत नाही, वास नाही, चव नाही... शिशाच्या जाडजूड पेटीत इवलीशी वाटी ठेवायची आणि यंत्र आपलं दिवसभर टक... टक... आमचे सर जुन्या खाणीजवळच्या विहिरींचं पाणी मोजायचे. दोनशे विहिरी! म्हणायचे, 'लोक पितात हे पाणी, त्यांना कळायला नको?' आणि काम इतकं नाजूक की भलतंसलतं जवळ आलं की आकडा बिघडलाच.

तर एके दिवशी सर दुपारी उशिरा आले, यंत्रापाशी बसले, आणि यंत्र पिसाळलं! टकटकटकटक... सर पांढरेफटक पडले, उठून बाहेर गेले. तेवढ्यात सुरक्षा अधिकारी धावत आले. आम्ही त्यांना नियमराव म्हणतो. मागे हो, तोंडावर साहेबच! हातात ते मोजायचं छोटं यंत्र, आणि सुटले की... टेबल मोज, खुर्ची मोज, माझ्या चपला मोज, माझा डबा मोज, अहो, माझा अंबाडासुद्धा मोजला! 'बाई, हलू नका!' मी कशाला हलतेय? कुठेच काही नाही. शेवटी माझ्या फडक्यावर वाकले आणि नेमके तेव्हाच सर त्यांच्या पाठीमागे येऊन उभे राहिले...

टर्रर्रर्र! 'सापडलं!' नियमराव ओरडले, 'फडकं!'

मी सरांकडे बघितलं. बाही दुमडलेली, कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी. माझ्या जावेला असंच इंजेक्शन दिलं होतं, हाडांची तपासणी करताना. दिवसभर अंगातून किरणं निघतात, लेकरांना जवळ घेऊ नका म्हणाले होते. पुढे जावेचं काय झालं ते... नको. आणि हा माणूस! तीस वर्षं दुसऱ्यांना 'लांब उभे राहा' सांगणारा, सवयीनं सरळ येऊन यंत्रापाशी बसला!

सर म्हणाले, 'साहेब, ते फडकं नाही, मी...'

'फडकंच आहे साहेब!' मी मध्येच. 'काल मागच्या किरणोत्सर्गी सामानाच्या खोलीत पुसलं, धुवायचं राहिलं.' कसं सुचलं कोण जाणे! फडकं स्वच्छ होतं हो, दोनदा धुतलं होतं!

लेखी ताकीद मिळाली. बावीस वर्षांत पहिली.

नंतर मोरीपाशी सर आले, चार हात लांब उभे राहिले. 'बाई, हे काय केलंत? मी उद्या खरं सांगून टाकतो.'

'आणि मग? घरी बसवतील तुम्हाला. विहिरी किती राहिल्यात?'

'सात महिन्यांचं काम आहे.'

'आणि डॉक्टर काय म्हणतात?'

'सहा.'

मी नळ चालूच ठेवला. मग म्हटलं, 'बाटल्या मी दुप्पट धुते. तुम्ही मोजा.'

'घरी माहीत नाही,' म्हणाले. 'तुम्हीही...'

'मी फरशी पुसते सर, मला काय कळतंय?'

त्या दिवसापासून सर आत येताना माझ्या फडक्याला मान लववायचे. 'काय गुन्हेगार, बरं आहे ना?' मी हसायचे. सरांचा शर्ट ढगळ होत चालला होता, तरी हसायचे. पाच महिन्यांत दोनशे विहिरी पुऱ्या झाल्या! एकतीस बंद केल्या सरकारनं. आणि तीन आठवड्यांनी सर गेले.

वहिनी आल्या त्यांचं सामान न्यायला. चष्मा, पेन, कप. मला म्हणाल्या, 'शेवटी शेवटी कळलं हो मला. तुम्ही तर रोज जवळ असायचात... तुम्हाला काहीच दिसलं नाही?' तुम्ही सांगा, काय सांगायचं अशा वेळी? साहेबांशी खोटं बोलले ते कसं झटकन जमलं! इथे जीभ उचलेना.

'नाही हो वहिनी,' म्हटलं. कप कागदात गुंडाळून दिला. धुवून दिला होता, तरी त्या पुनःपुन्हा आत बघत होत्या.

आता भिंतीवर पाटी आहे: 'फडकं मोजल्याशिवाय आत आणू नये.' रोज सकाळी मी दारात फडकं धरून उभी, नियमराव वाकून मोजतात, टक... टक... आणि मोठ्या मनानं म्हणतात, 'आज स्वच्छ आहे बरं का बाई! सुधारलात!'

'हो साहेब,' म्हणते, आणि आत जाऊन सरांच्या खुर्चीखालची फरशी पुसते.