पाच दावी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय करमअलीभाई, सरपंच नूतनताई, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे गुरांच्या दवाखान्यातले सोबती आणि कामंधामं टाकून आलेल्या गावकरी बंधुभगिनींनो,

आपण मला शाल दिलीत, नारळ दिलात. तीस वर्षं गुरांना सुया टोचणाऱ्या या अंबाजीला इतकं गोड ऐकायची सवय नाही. गुरं निदान लाथ मारून मोकळी होतात. नूतनताई आत्ता मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, की अक्साच्या अभ्यासात आपला घाटाखालचा पट्टा स्वच्छ हवेचा ठरला. ताई, राग मानू नका, पण टाळ्या वाजवाव्यात असं त्यात काय आहे?

ही अक्सा आपल्याच गावची लेक, पुढच्या रांगेत बसली आहे. गुरं रवंथ करताना ढेकर देतात, त्यातून मिथेन नावाचा वायू सुटतो आणि हवा तापते. घाटावरचा एक दुधाचा तालुका आणि आपला पट्टा, वीस वर्षांत हा वायू कुठे वाढला, कुठे घटला, हे ताडून पाहायला ती गेल्या वर्षी आली. जन्म गेला माझा गुरांत, पण त्यांचे ढेकर मोजावेत हे काही मला सुचलं नव्हतं! हा हिशेब गुरांच्या संख्येवरून होतो, आणि आपल्या गावची संख्या माझ्या हाताने लिहिलेली.

चार दिवस ती घरोघर फिरली आणि दवाखान्यात येऊन बसली. म्हणाली, "काका, एवढी गुरं आहेत तर शेण कुठाय?"

काय सांगणार? आपल्याकडे जनावर गेलं, विकलं, तरी त्याचं दावं खुंट्यावरून काढत नाहीत. नवं येईपर्यंत तिथंच राहू देतात. गोठा रिकामा म्हणणं अशुभ. पण मुलं मुंबईला गेली, आखातात गेली, नांगराच्या जागी यंत्र आलं, शेतं पडीक राहिली. नवं जनावर काही आलं नाही. गणनेच्या वेळी मी बायजाबाईंच्या दारात उभा राहायचो. ती माउली खुंट्यावरची दावी मोजायची आणि सांगायची, पाच. गोठ्यात तांबू गाय एकटी. मी पाच लिहायचो. घरोघर तेच. भीड होती आणि, खोटं कशाला बोलू, स्वार्थही होता. गुरं घटली की दवाखाना जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अक्साला मी सगळं सांगून टाकलं. पोर घाबरली. खरं लिहिलं तर दवाखाना राहील का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तू तुझं काम चोख कर. तिने केलं. घाटावरचा आकडा दीडपट झाला होता, आपला निम्म्याच्याही खाली आला. मग वरून फेरमोजणी झाली आणि आपला दवाखाना माणगावला जोडला गेला. म्हणजे आजचा निरोप एकट्या माझा नाही. पण अक्साला कुणी बोल लावू नये, हात जोडून सांगतो. दोष माझा आहे. दहा वर्षांपूर्वी मी खरा आकडा लिहिला असता, तर गुरं का चालली याची कुणी विचारपूस तरी केली असती.

गेल्या मंगळवारी तांबू अडली. वासरू आडवं होतं. औषधं, अवजारं पेट्यांत भरून आदल्या दिवशीच माणगावला गेलेली. तिथल्या डॉक्टरांना फोन केला, ते बिचारे लगेच निघालेही, पण पोचायला दोन तास लागले. तोवर नुसत्या हातांनी जे करता येतं ते मी केलं. गाय गेली, वासरूही गेलं. बायजाबाई रडल्या नाहीत. गोठ्यात गेल्या, खुंट्यावरची पाचही दावी एकेक करून काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"आता न्हाय म्हणून लिव," त्या म्हणाल्या.

आजचं आमंत्रण द्यायला मी स्वतः गेलो होतो. त्या आल्या नाहीत. ती दावी या पिशवीत आहेत. घरी नेऊन ती कुठे ठेवावीत, ते मला खरंच कळत नाही.

असो. अध्यक्षसाहेब, वेळ बराच घेतला. आपण सगळ्यांनी माझ्यासाठी एवढा खटाटोप केलात, मी मनापासून आभारी आहे. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल तर सांभाळून घ्या. लिहिताना जे चुकलं, त्याची माफी मात्र तुमच्याकडे मागून भागणार नाही. त्यासाठी उद्या सकाळी बायजाबाईंच्या दारात पुन्हा उभा राहीन. त्या दार उघडतील की नाही, ठाऊक नाही.

नमस्कार.