कापलेली बुडं

नागपूरच्या एका दवाखान्यात, चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात. माझ्या शेजारच्या बाकावर कॉलेजचे एक सर आणि कळमेश्वरकडची प्रेमिला बसली होती. तिचा नवरा रुपराव सरांच्या अभ्यासासाठी रानातल्या अळंब्या गोळा करायचा. आता तो आत खाटेवर होता.

“उलट्या थांबल्या जी. डॉक्टर म्हणते पोट बिघडलं होतं, घरी न्या.”

“थांबा जरा. त्यानं अळंब्या खाल्ल्या कधी?”

“काल सकाळी. उलट्या रात्री लागल्या.”

“कोणत्या खाल्ल्या?”

“त्याच जातीच्या पांढऱ्या. सोमवारी तुमाले आणून देल्या, तुम्ही वहीत नंबर टाकला अन् म्हणले, खायले चालते.”

“त्यांच्या बुडाला वाटी नव्हती, म्हणून म्हणालो.”

“बुडं तं मी कापली नं.”

“कापली? का?”

“माती भरली होती. कॉलेजात असा घाणेरडा माल देतेत काय? दर वेळी कापतो, धुतो, मंग पाठवतो. तुम्हीच तं म्हणत होते, रुपरावचा माल साफ राहते.”

“वाटी होती का? फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी?”

“सगळ्याईले होती.”

“वाटी असली म्हणजे ती विषारी अळंबी.”

“सर? आता बरे हायेत ते. चहा मांगून राहिले.”

“हे विष असंच असतं. मध्ये एक दिवस बरं वाटतं, मग यकृत निकामी होतं.”

“पण तुमच्या वहीत तं…”

“वहीत मी चुकीचं लिहिलंय, बाई.”

“कोठी चालले?”

“डॉक्टरांना तेच सांगायला. तुम्ही त्याला खाटेवरून उठू देऊ नका.”