हसण्याआधीची नजर

घशाच्या डॉक्टरांकडे माझ्यासमोर दोन शिक्षिका नंबराची वाट बघत बसल्या होत्या. धाकटीचा आवाज पार बसला होता.

“ओरडून ओरडून ही गत झाली, बाई. त्या उंच मुलाला वर्गाबाहेर काढलं, तर दुसरा सुरू. त्याला काढलं, तर तिसरा.”

“कुणाला काढू नकोस. कुणी वात्रटपणा केला की हसण्याआधी पोरं कुणाकडे बघतात, ते बघ.”

“बघितलं ना. खिडकीजवळच्या त्या दोन वेण्यांच्या मुलीकडे. खाली मान घालून लिहीत असते.”

“आणि ती हसली की?”

“मग सगळे वर्ग डोक्यावर घेतात. नाही हसली, तर चिडीचूप.”

“झालं तर मग! तिला आपल्या बाजूला घे.”

“पण ती स्वतः काहीच करत नाही हो.”

“करावं लागतच नाही तिला.”

“बाई, एक बोलू? रागावणार नाही ना?”

“अगं, बोल की.”

“वर्गवाटपाच्या मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, हा वर्ग नव्या बाईंना द्यायचा का? तेव्हा आधी कुणीच हात वर केला नव्हता.”

“मीसुद्धा नव्हता केला.”

“हो. तुम्ही चष्मा पुसत होतात. सगळे तुमच्याकडे बघत होते. मग तुम्ही जराशा हसलात.”

थोरलीने डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं.

“आणि भराभर हात वर झाले.”

“तुझा नंबर आला वाटतं गं.”

“नाही, बाई. अजून दोघं आहेत आपल्या आधी.”