शिवलीलाच्या डोळ्यांची हकीकत

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बब्रुवान तात्या, आमच्या पोरीला खो-खोच्या मैदानावर उभं करणारे कृष्णराज सर, व्यासपीठावर बसलेली ग्रामपंचायतीची आणि क्रीडा मंडळाची मंडळी, समोर सतरंजीवर बसलेल्या मायबहिणी, जळकोटचे गावकरी आणि मागं दाराशी उभी राहून मोबाईल बघणारी तरुण पोरं, सगळ्यांना माझा शरणु शरणार्थी.

पहिल्यांदा उशिराबद्दल माफी मागतो. माझं नाव दोनदा पुकारलं तेव्हा मी बाहेर जीपजवळ होतो. पोरीच्या पिशवीत डोळ्यांत घालायचे थेंब ठेवलेत का, ते बघत होतो. ठेवले होते. सकाळीही ठेवलेले होते. तरी परत बघितलं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. वीरप्पा, तू हसू नकोस, तुझंही नाव पुढं येणार आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. सभेत आजवर उभा राहिलो तो पाण्याच्या टाकीवरून भांडायला. भाषण असं कधी केलं नाही. पण तात्या म्हणाले, "शरणबसप्पा, खेळाचं सर बोलतील. तुमी डोळ्यांचं बोला." कारण आमच्या पोरीनं चष्मा घालवायला लेझर केलं, तात्यांची नात वैष्णवी पुढच्या महिन्यात तेच करून घ्यायचं म्हणतेय आणि गावात कुणीतरी उठवलंय की लेझर म्हणजे डोळा जाळतात. तर मी जे बघितलं तेवढंच सांगतो. आमची शिवलीला, म्हणजे माझा मुलगा उमाशंकर याची थोरली, आता कार्यक्रम संपला की सोलापूरला रेल्वे धरायला निघेल. पुण्याकडच्या खो-खोच्या निवासी केंद्रात तिची निवड झाली, त्याचाच हा समारंभ. तिला उशीर होऊ नये म्हणून मी थोडक्यात बोलायचं ठरवलंय. बघू जमतंय का.

चष्मा तिला शाळेपासून. नंबर वाढत जाड भिंगावर आला. चष्मा डोक्यामागं नाडीनं बांधून खेळायची. एका सामन्यात समोरच्या पोरीचा कोपर लागला, काच फुटली आणि भुवईला टाके पडले. मग लेन्स घालून बघितल्या. पण आपल्या मैदानाची माती आणि हायवेची धूळ, संध्याकाळी डोळे मिरचीसारखे लाल. तेव्हा सर घरी आले. म्हणाले, "आप्पा, पोरगी वीस वर्षांची झाली. नंबर वर्षभर हललेला नाही. एकदा लेझरचं विचारून तर या."

सर, राग मानू नका. त्या दिवशी तुम्ही चहा पिऊन गेलात आणि माझी भूक तिथंच मेली.

सोलापूरच्या दवाखान्यात गेलो. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या झोपवतील आणि करून टाकतील. तसं नसतं. पहिला दिवस नुसता मोजमापाचा. त्याच्या आधी बरेच दिवस लेन्स बंद ठेवायला लावलेल्या. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, त्याची जाडी मोजतात. लेझर त्या पडद्यालाच थोडं तासून आकार देतं. म्हणून पडदा मुळात पातळ असला तर डॉक्टर हात लावत नाहीत, सरळ नाही म्हणतात. आमच्या पुढं लातूरकडचा एक मुलगा होता, त्याला तसंच परत पाठवलं. त्याचा चेहरा रडवेला झाला आणि मी मनात म्हणालो, देवा, आम्हालाही नाही म्हणू दे. पण आमच्या पोरीचा पडदा चांगला निघाला.

डॉक्टर मॅडमनी दोन रीती सांगितल्या. एकीत पडद्याचा पापुद्रा उचलतात, लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. त्यात दुसऱ्या दिवशी बरंच दिसतं. पण ही पडली खेळाडू. कोपर लागला आणि पापुद्रा सरकला तर? म्हणून हिच्यासाठी दुसरी रीत. वरची नाजूक साल काढायची, लेझर मारायचं, साल आपोआप परत येते. मॅडम म्हणाल्या, "यात तीन-चार दिवस दुखेल. आणि नजर साफ व्हायला आठवडे लागतील, कधी महिनेही." हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. मी मान डोलावली. पण माझ्या कानात 'दुखेल' तेवढं शिरलं, बाकीचं दवाखान्यातच राहिलं.

प्रत्यक्ष ऑपरेशनला माणूस जागाच असतो. सुई नाही, भूल थेंबांची. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात आणि वरच्या दिव्याकडं बघत राहा म्हणतात. टकटक आवाज येतो, केस जळल्यासारखा वास येतो. पोरीनं मला हे नंतर सांगितलं. मी बाहेर बाकावर शिवाचं नाव घेत बसलो होतो. नीट सुरुवात केली नाही तोवर ती काळा चष्मा लावून स्वतःच्या पायानं बाहेर आली. मी नर्सबाईला म्हणालो, "का हो बाई, केलं न्हाई काय?"

घरी आल्यावरचे दिवस वाईट गेले, ते मी लपवणार नाही. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं, पाणी थांबत नाही, उजेड सोसत नाही. पोरगी गोधडीत तोंड खुपसून पडलेली. आमच्या घरात विभूती लावल्याशिवाय कुणी ताटावर बसत नाही आणि मॅडमनी बजावलेलं, कपाळाला काही लावू नका, भस्माचा कण डोळ्यात गेला तर जखम चिघळेल. माझी बायको इरम्मा मोठ्या पेचात. नात उपाशी ठेवायची की नेम मोडायचा? शेवटी तिनं विभूती पाण्यात कालवली, पोरीच्या मानेवर मागच्या बाजूला तीन बोटं ओढली आणि म्हणाली, "शिवाला मागनं बी दिसतंय. जेव आता."

भेटायला येणाऱ्यांनी तर रीघ लावली. कुणी मध आणला, कुणी एरंडेलाचं काजळ. वीरप्पानं गुलाबपाण्याची बाटली आणली. इरम्मानं सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्या बाटल्या फळीवर ठेवून दिल्या. दवाखान्याच्या थेंबांशिवाय पोरीच्या डोळ्यात काही गेलं नाही. वीरप्पा, तुझं गुलाबपाणी उमाशंकरनं दाढी केल्यावर लावून संपवलं.

दुखणं थांबलं. डोळ्यांवर पट्टीसारखी ठेवलेली पातळ लेन्स मॅडमनी काढली. मला वाटलं, आता ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचेल. तिला तर कॅलेंडरच अंधुक. उठता बसता विचारायचो, "दिसतंय का गं?" इरम्मा ओरडायची, "अवं, सुम्न बसा जरा! इचारून इचारून पोरीचे कान बी दुखायला लागले." गप्प बसायला जमत नव्हतं आणि घास तोंडात फिरायचा. ऑपरेशनच्या कागदावर तिच्या सहीखाली मीही सही केली होती ना?

मग एके दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो असताना ती म्हणाली, "अज्जा, उमरगा-सोलापूर आली बघा." आमचं घर थांब्यासमोर. लांबून येणारी एसटी मला नुसता लाल ठिपका दिसत होती. गाडी थांबली तेव्हा मी अक्षर अक्षर लावून बोर्ड वाचला. उमरगा-सोलापूर! दुसऱ्या दिवशी बसवकल्याणची गाडी ओळखली. मी घरात जाऊन दोन भाकरी खाल्ल्या. सगळ्या गावाला सांगत सुटलो, पोरीला हायवेवरचा बोर्ड दिसतो.

आठवडाभर हा आनंद चालला. एका संध्याकाळी वीरप्पा थांब्यावर उभा होता, त्याला सोलापूरला लेकीकडं जायचं होतं. त्यानं तिथनंच विचारलं, "शिवलीला, ती येतीय ती कुठली गं?" पोरगी म्हणाली, "तुमचीच, सोलापूर." वीरप्पा पिशवी घेऊन चढला. आतून कंडक्टरचा आवाज आला, "आजोबा, तुळजापूर गाडी हाय ही! सोलापूर बिघडलीय उमरग्याजवळ. बोर्ड वाचता येत न्हाई का?" वीरप्पा पायरीवरनं उतरत म्हणाला, "मला न्हाई येत, पर त्या पोरीला येतंय की!"

थांब्यावरची माणसं हसली. मी पोरीकडं बघितलं. ती हसली नाही.

आत नेऊन विचारलं. ती म्हणाली, "अज्जा, मला अजून बोर्ड दिसत न्हाईत. गाडीचा रंग तेवढा दिसतो. कॉलेजला जाऊन जाऊन गाड्यांच्या वेळा पाठ झाल्यात."

"मग खोटं का सांगितलंस?"

"तुमी भाकरीला हात लावत न्हवता. मी दिसतंय म्हणले अन् तुमी जेवला."

मंडळी, ज्या पोरीचे डोळे सोललेले, तीच मला जेवू घालत होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सोलापूर गाठलं. मॅडमनी डोळे तपासले. म्हणाल्या, अगदी ठरल्यासारखं चाललंय, साल नवी आहे, गुळगुळीत व्हायला वेळ लागतो. "मी त्या दिवशी सांगितलं होतं, आजोबा." सांगितलं होतंच. पण मी सगळी हकीकत सांगितल्यावर त्या शिवलीलाकडं वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "उद्या खरंच डोळा लाल झाला, दुखायला लागला, आहे ते दिसणंही एकदम कमी झालं आणि तू आजोबांच्या जेवणासाठी गप्प बसलीस, तर? जखमेत पू झाला तर थांबायला वेळ नसतो. त्याच दिवशी यायचं असतं." पोरीनं मान खाली घातली. त्या तिला बोलत होत्या, पण लागलं मला.

मी विचार करत परत आलो. उमाशंकरची मोटारसायकल घसरली होती ते मला महिन्यानं कळलं. इरम्माची साखर वाढली ते शेजारणीकडून कळलं. आमच्या घरात मला कुणी वाईट बातमी सांगत नाही, कारण मी लगेच खचतो. घरात सगळं चांगलं चाललंय असं मला वाटत होतं, ते असं.

पुढं नजर आपल्या चालीनं साफ होत गेली. एक दिवस चांगला, दुसरा धुरकट. अंधार पडला की ट्रकच्या दिव्यांभोवती चंद्राला पडतं तसं खळं दिसायचं, तेही कमी होत गेलं. मग एका सकाळी ती अंगणातून म्हणाली, "अव्वा येतीय मळ्यातनं. हातात कोथिंबीर हाय." मला तर रस्त्यावर माणूसही दिसत नव्हतं. इरम्मा आली तेव्हा हातात मेथीची जुडी. मी घाबरून म्हणालो, "चला परत सोलापूरला!" इरम्मा म्हणाली, "एवढ्या लांबनं मेथी अन् कोथिंबीर मला बी वळखू येत न्हाई. सुम्न बसा!" त्यानंतर दवाखान्यात पोरीनं तक्त्याची खालची ओळ वाचली, ती मात्र पाठ नव्हती. मी कंपाउंडरला तक्ता बदलायला लावला होता.

सर, तुम्ही मॅडमनी परवानगी देईपर्यंत तिला मैदानात पाऊल टाकू दिलं नाहीत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. पुढं निवड झाली ती तिच्या पायांनी आणि तुमच्या शिकवणीनं.

वैष्णवी बाळ, तुझ्या डोळ्यांचं मोजमाप काय निघतं ते डॉक्टर सांगतील. नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तर काय काय होईल ते दोन माणसांनी बसून ऐका, कारण एकाच्या कानात सगळं शिरत नाही. डोळे कोरडे पडतात, थेंब बरेच महिने चालतात. काहींना थोडा नंबर राहतो. चाळिशी आली की वाचायला चष्मा लागतोच, तो लेझरनं टळत नाही. आणि तात्या, अध्यक्षांना सल्ला देतोय, माफ करा. नातीला 'दिसतंय का' असं उठता बसता विचारू नका. विचारलंच, तर ती 'न्हाई' म्हणाली तरी जेवून घ्या.

आता आवरतो. मंडळानं माझ्या पोरीसाठी एवढा मंडप घातला, बायाबापड्या काम टाकून आल्या, सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, वीरप्पाला तर नक्कीच लागलं असेल, तर अडाणी म्हाताऱ्याची चूक म्हणून पदरात घ्या.

शिवलीला, पोरी, तुझ्याशी दोन शब्द. पोचलीस की फोन कर. माझा आवाज ऐकून 'सगळं बरं हाय अज्जा' म्हणायचं आणि ठेवून द्यायचं, असा फोन नको. डोळा टोचत असेल तर टोचतोय म्हण. खेळताना कुणाचा कोपर लागला तर लागला म्हण. डोळे चांगले असून तिथं करमत नसेल, तर तेही सांग. मी घाबरीन. मला घाबरू दे. घाबरलेल्या माणसालाही पुण्याची गाडी धरता येते.

उद्या दुपारपर्यंत फोन येऊ दे, मी वाट बघतो.