नव्वद किलोचा एमू

बॅलरॅटच्या पोस्टात माझ्यापुढे नोरीन आणि क्लाइव्ह उभे होते. या नवराबायकोचं बागकामाच्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान आहे. दोघांच्या हातांत पार्सलं होती आणि हसू आवरत नव्हतं.

“क्लाइव्ह, भाव ताडून बघायच्या साइटला कसली यादी पाठवलीस रे?”

“यादी सॉफ्टवेअरने बनवली. कुठला रकाना कुठे जाणार, एवढंच मी सांगितलं.”

“आणि किमतीच्या जागी वजन घातलंस! पाव किलोची टोपी पाव डॉलरला! चाळीस गेल्या!”

“पण आपला लोखंडी एमू बघ ना. नव्वद किलो, नव्वद डॉलर!”

“साठला कुणी ढुंकून बघत नव्हतं त्याच्याकडे.”

“आता त्याच्यावर ‘सर्वात स्वस्त’ असा शिक्का आहे.”

“असणारच! अख्ख्या साइटवर दुसरा एमूच नाही!”

“हळू हस, टोप्या पडतील. काल विकला गेला तो.”

“काय सांगतोस! घेतला कुणी?”

“शेजारच्या मर्विनने.”

“ज्याला आपण सहा वर्षं ‘फुकट घेऊन जा’ म्हणत होतो, तो मर्विन?”

“तोच. सकाळी कुंपणावरून मलाच शिकवत होता, चार ठिकाणचे भाव बघितल्याशिवाय काही घेऊ नये म्हणून.”