आर्द्रा, चरण चौथं

(ग्वाल्हेर, हरिशंकरपुरम. सकाळ. तात्यासाहेब नात अवंतिकाची लग्नासाठीची पत्रिका नव्या कागदावर उतरवताहेत. ती शेजारी चहा घेत बसली आहे.)

तात्यासाहेब : थांब, थांब. एवढा अवाढव्य तारा, आणि आयुष्य सूर्याहून कमी?

अवंतिका : खूपच कमी. जितका जड, तितका उधळ्या. सूर्य साडेचारशे कोटी वर्षांचा होऊन निवांत आहे, आणि ही आर्द्रा कोटभर वर्षांतच म्हातारी. तीन वर्षं तिच्यावरच तर संशोधन करतेय मी.

तात्यासाहेब : म्हातारी म्हणजे कशी?

अवंतिका : पोटातला हायड्रोजन संपला, आता हेलियम जळतंय. म्हणून फुगून लाल झालीय. पुढे कार्बन, मग ऑक्सिजन, शेवटी सिलिकॉन. हर बार इंधन आधीपेक्षा जल्दी संपतं. हेलियम लाखो वर्षं पुरतं, सिलिकॉन बस एक-दो दिन.

तात्यासाहेब : आणि मग?

अवंतिका : मग लोखंड उरतं. ते जळून काही देत नाही. गाभा सेकंदाच्या आत ढासळतो, और बाकी सब उडून जातं.

तात्यासाहेब : तरीच. रुद्राचं नक्षत्र ते. रडवणारं.

अवंतिका : कुणाला रडवणार, तात्या? तुम्ही आत्ता श्वास घेतलात ना, त्यातला बहुतेक ऑक्सिजन असल्याच ताऱ्यांनी उधळलेला. ते फुटले नसते तर आपण नसतो.

तात्यासाहेब : असं म्हणतेस?

अवंतिका : हो. लिहा ना, थांबलात का? विश्वासराव अकराला येतील, त्यांच्या मुलाशी जुळवायला पत्रिका न्यायला. पुनर्वसू, चरण पहिलं.

तात्यासाहेब : पुनर्वसू नाही गं. तुझा जन्म सव्वासहाचा. मी साडेसहा लिहिले. सव्वासहाला चंद्र आर्द्रेतच होता, चौथ्या चरणात. तुझ्या बाबालाही ठाऊक नाही.

अवंतिका : तुम्ही? लोकांना जन्मवेळेतल्या एका मिनिटासाठी परत हॉस्पिटलात पाठवणारे तुम्ही?

तात्यासाहेब : जन्मलीस आणि रडलीच नाहीस. चार मिनिटं. मी दाराबाहेर घड्याळ बघत उभा. फार घाबरलो होतो. वाटलं, या पोरीच्या वाट्याला ते नक्षत्र तरी नको.

अवंतिका : आणि आता?

तात्यासाहेब : आता आर्द्रा लिहिली तर सोयरीक मोडेल. विश्वासराव या बाबतीत कडक आहेत. आणि मुलगा तुला आवडलाय.

अवंतिका : आवडलाय. खूप.

तात्यासाहेब : मग काय लिहू, सांग.

अवंतिका : सव्वासहा लिहा, तात्या.

तात्यासाहेब : तूच लिही. मला तेव्हाही ते लिहवलं नाही.